चौदा गोळ्या

मुलांचे सेमिनार चालू असताना मान खाली घालून आपली राहिलेली कामं उरकायची, ही उज्वलाची जुनी खोड. अठरा वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवल्यावर तिसऱ्या वर्षाचं पोर कुठे अडखळणार आणि कुठे घोकलेलं म्हणून दाखवणार, हे तिला न ऐकताच कळायचं. त्या दिवशीही ती शेवटच्या बाकावर बसून प्रॅक्टिकलच्या वह्यांवर सह्या करत होती आणि समोर येवल्याची अदिबा बोलत होती. जस्त आणि लोह पेशीच्या आवरणातून आत कसं जातं, हा अदिबाचा विषय. मुलगी धीट, आवाज खणखणीत. "पेशीचं आवरण चरबीचं असतं आणि झिंकवर असतो विजेचा भार, त्यामुळे झिंकला आपल्या पायानं आत जाता येत नाही. त्याला आत घेणारं प्रथिन दारात बसलेलं असावं लागतं. आतड्यात झिंकचं दार वेगळं, लोहाचं वेगळं. आता झिंकचं हे दारच जन्मतः बिघडलेलं असेल तर काय होतं, ते बघू." कळ दाबल्याचा आवाज झाला. पुढच्या बाकावरची एक मुलगी च्च च्च करायला लागली, म्हणून उज्वलानं वर पाहिलं.

पडद्यावर एक तान्हं मूल होतं. असेल आठ-नऊ महिन्यांचं. दोन्ही गालांवरून हनुवटीखाली घोड्याच्या नालेसारखा लालभडक पट्टा आणि त्यावर खपल्या. बोटांची टोकं सोललेली. केस जवळजवळ नाहीतच. ओळख लपवायला डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली, म्हणजे ते जगातल्या कुणाचंही मूल असू शकत होतं. पण पट्टीखालचे डोळे उज्वलाला दिसले. उजेड सहन होत नाही म्हणून घट्ट मिटलेले, पापण्या सुजलेल्या. हा आपला रुद्र आहे, असं तिला वाटलं. वाटलं कसलं, तिला कळलंच. अदिबाचं बोलणं चालू होतं. आईचं दूध चालू असेपर्यंत काही कळत नाही, दूध तुटलं की दोन-तीन आठवड्यांत सगळं सुरू होतं, जुलाब, कातडी, केस. पुष्कळदा डॉक्टरही दुधाची अ‍ॅलर्जी किंवा बुरशी समजतात. आणि उपाय इतका साधा की विश्वास बसत नाही. झिंकची गोळी. रोज एक, जन्मभर. मोठ्या प्रमाणात दिलं की दार नसलं तरी फटीतून थोडं आत जातं आणि तेवढ्यावर मूल वाढतं. "चार दिवसांत फरक दिसतो मॅडम." मागून ललित नावाच्या मुलानं विचारलं, "आणि नाही दिली तर?" अदिबानं परीक्षेतलं उत्तर द्यावं तसं सांगितलं, "नाही दिली तर मूल जातं." उज्वला म्हणाली, "पुढे चला." तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

लोहाचं काय झालं, कुणी किती प्रश्न विचारले, तिला काही कळलं नाही. तास संपल्यावर अदिबा जवळ आली, "मॅडम, काही चुकलं का?" ती म्हणाली, "नाही गं, छान झालं," आणि स्टाफरूममध्ये जाऊन तिनं कपाटातलं आपलं जाडजूड पुस्तक काढलं. ते पान पुस्तकात होतंच. रुद्र जन्माला यायच्या आधीपासून होतं. समासात तिच्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, परीक्षेला नाही. खरंच नव्हतं. विद्यापीठानं लोहावर दरवर्षी प्रश्न विचारला, जस्तावर कधी विचारला नाही. मग लोहावर ती चार-चार तास बोलायची आणि जस्त अर्ध्या ओळीत उरकायची. म्हणतात ना, काखेत कळसा आणि गावाला वळसा. गावाला वळसा तरी नीट घातला होता का? तीन डॉक्टर, दोन मलमं, एक रक्ताची तपासणी. आणि कळसा इथे, अकरा नंबरच्या कपाटात, तिच्या स्वतःच्या अक्षरासकट. तिनं पुस्तक मिटलं, पर्स घेतली, शिपायाला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि रिक्षा करून नाशिकच्या निमाणी स्टँडवर आली. घरी जायचं तर रिक्षा उलट्या बाजूची करायला हवी होती. सायखेड्याची गाडी उभी होती. ती चढली.

खिडकीशी बसून तिनं तिकीट काढलं. आत्याला सांगायचं. एवढंच ठरलं होतं. लंकाबाई ही तिची सख्खी आत्या आणि तीच तिची सासू. घरात पद्धतच होती. मामाची पोर हक्काची. उज्वला बारावीत असतानाच आत्यानं भावाला बजावून ठेवलं होतं, "तुझी उजू माझ्या सोमनाथला. दुसरीकडं दिलीस तं मी तुझ्या दारात पाय ठेवनार नाय." आणि उज्वलाला तरी कुठे नको होतं? लहानपणी सुट्टीत सायखेड्याला गेली की नदीत पोहायला शिकवणारा, चिंचा पाडून देणारा सोमनाथच. लग्नात आत्या मांडवभर सांगत फिरली होती, "मी सून नाय आणली, माझी लेक माघारी आणली." पुढे वर्गात अनुवंशशास्त्राचे तक्ते काढताना उज्वला चौकोन आणि गोल जोडायची, आते-मामे भावंडांच्या लग्नासाठी दुहेरी रेघ मारायची आणि पोरं तिच्याकडे बघून गालात हसायची, कारण त्यांना माहीत होतं. तीही हसायची. खंडेराव आजोबांकडून म्हणा की आजीकडून म्हणा, बिघडलेल्या दाराची एक-एक प्रत आत्याकडे आली आणि उज्वलाच्या वडिलांकडे आली. आत्यानं सोमनाथला दिली, वडिलांनी उज्वलाला. एकेकट्या प्रतीनं कुणाचंच काही बिघडत नाही. रुद्रला दोन मिळाल्या.

गाडी आडगावच्या पुढे आली तसा थंड वारा खिडकीतून आत घुसायला लागला. जानेवारीत निफाडच्या बाजूला असतो तसा, कान बधिर करणारा. शेजारची बाई म्हणाली, "ताई, काच लावा ना." तिनं लावली. रुद्र साडेपाच महिन्यांचा होता तेव्हा तिला पुण्याला तीन आठवड्यांच्या उजळणी वर्गाला जावं लागलं होतं. वर्ग केला नाही तर पुढची श्रेणी अडणार होती. सोमनाथ म्हणाला, "जाऊन ये, आई आहे की." आत्या सायखेड्याहून पिशवी घेऊन हजर झाली. उज्वलानं डब्याचं दूध आणून ठेवलं, चमच्याची खूण दाखवली, पाणी किती उकळायचं ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. आत्यानं दोन दिवस ते दिलं आणि तिसऱ्या दिवशी गवळ्याकडून गाईचं दूध घ्यायला लागली. डब्यातलं पोराला पचेना, असं तिचं म्हणणं. पुण्याच्या वसतिगृहात उज्वलाचे ब्लाउज भिजायचे, मग हळूहळू भिजायचे थांबले. परत आली तेव्हा रुद्रच्या ओठाखाली रुपयाएवढा लाल डाग होता. ओट्यावर गाईच्या दुधाचं पातेलं होतं आणि डबा वर फळीवर, झाकण लावलेला.

त्या पातेल्यानं सगळं ठरवून टाकलं. पुढे डाग पसरला, जुलाब सुरू झाले, केस उशीवर यायला लागले आणि प्रत्येक वेळी उज्वलाला ते पातेलं दिसायचं. पहिल्या डॉक्टरनं विचारलं, वरचं दूध कधी सुरू केलं? कोणतं? तिनं सांगितलं, आणि सांगताना आत्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, दुधाची अ‍ॅलर्जी दिसते. झालं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात; तिला तर अख्खी काठी मिळाली, आणि ती तिनं आत्याच्या पाठीत घातली. हळू आवाजात घातली. शिकलेल्या बाईसारखी. "आत्या, मी लिहून ठेवलं होतं ना गं." एवढंच म्हणायची. आत्या पोराच्या अंगाला खोबरेल लावत बसायची, रात्र रात्र मांडीवर घेऊन झुलवायची. कडेवर घेतलेलं पोर खरचटेल म्हणून तिनं हातातल्या बांगड्याही काढून ठेवल्या होत्या. हे त्या वेळी उज्वलाला दिसलं होतं. तिला दिसायचं सगळंच, पण राग काही केल्या उतरायचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सगळे सायखेड्याला गेले. रुद्रचा नववा महिना संपत आलेला. तिथे जुलाबांनी पोर गळून गेलं. गावातली आशा सेविका कुसाबाई दारात आली, तिनं मिठा-साखरेच्या पुड्या दिल्या आणि झिंकच्या चौदा गोळ्या. जुलाब झालेल्या प्रत्येक पोराला सरकार देतं, त्याच. रोज एक, चमच्यात पाण्यात विरघळवून. आणि त्याच आठवड्यात नाशिकच्या तिसऱ्या डॉक्टरचं नवं मलम सुरू झालं होतं. चौथ्या दिवशी रुद्रनं डोळे उघडले. म्हणजे उजेडात उघडले, अंगणात, आणि कोंबडीकडे बघून हसला. आठव्या दिवशी खपल्या गळाल्या आणि खालून कोवळी कातडी निघाली. बाराव्या दिवशी डोक्यावर हाताला लागेल न लागेल अशी लव आली. सोमनाथ वेड्यासारखा दर तासाला त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा. उज्वला सगळ्यांना सांगत होती, मलम कसलं भारी आहे. एकटी आत्या म्हणाली, "उजू, मलमानं पोटातलं कसं थांबंल? पोरगं गोळ्यांनी उठलं. त्या बंद करू नको."

उज्वलानं तिला समजावून सांगितलं होतं. लहान मुलाला सांगावं तसं. "आत्या, त्या जुलाबाच्या गोळ्या आहेत. चौदा दिवसांचा कोर्स असतो. जास्त झिंक गेलं तर अंगातलं तांबं कमी होतं, माहितीये?" आत्या क्षणभर विचार करून म्हणाली, "मंग तांब्याच्या भांड्यातलं पानी पाजू. पर गोळ्या दे." आणि उज्वला हसली होती. अगदी मनापासून, प्रेमानंच म्हणा, पण हसली होती. निघताना आत्यानं कुसाबाईकडून आणखी चार पाकिटं मागून आणली आणि उज्वलाच्या पिशवीत, रुद्रच्या दुपट्यांच्या मध्ये घातली. "माझं ऐक एवढं." नाशिकला आल्यावर उज्वलानं ती पाकिटं खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकली, त्यांच्या नातवाला जुलाब होत होते म्हणून. आणि रुद्रचं हिमोग्लोबिन नऊ आलं होतं, तेव्हा तिनं डॉक्टरला विचारून लोहाचे थेंब सुरू केले. लोह आणि जस्त आतड्याच्या तोंडाशी एकमेकांना रेटतात, एकाची गर्दी झाली की दुसरं मागे राहतं, हे तिनंच वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलेलं होतं. परीक्षेला होतं ते.

चांदोरीला गाडी वळली. गाडीतले निम्मे लोक उतरले, टोपल्या उतरल्या. तिला सगळ्यात जास्त काय छळत होतं, तर रुद्र गेला हे नाही. ते दुःख इतकं जुनं होतं की ते आता घरातल्या भिंतीइतकं ओळखीचं झालं होतं. छळत होतं ते हे, की त्या चौदा दिवसांत तो बरा झाला होता. दार कुणीतरी चौदा दिवस उघडं धरलं होतं आणि तिनं येऊन, हात स्वच्छ धुऊन, ते लावून घेतलं. मग एकवीस दिवसांत डाग परत आले. मग ताप, मग छातीत कफ, मग दवाखान्यातली काचेची खोली. अकराव्या महिन्यात गेला. दहाव्याच्या दिवशी सोमनाथ आईला म्हणाला होता, "तू तेवढं ऐकलं असतंस तर माझं पोर वाचलं असतं. आता माझ्या घरी येऊ नको." माणसं बसलेली होती. आत्यानं मान खाली घातली. उज्वला शेजारीच होती आणि गप्प राहिली. सोमनाथच्या तोंडात ते शब्द कुणी घातले होते, हे तिला ठाऊक होतं. चौदा वर्षं झाली. सोमनाथ दिवाळीला एकदा जातो, आईच्या उंबऱ्याशी टेकतो, पाणी पितो आणि उठतो. दुसरं मूल त्यांनी होऊ दिलं नाही. रुद्र त्याच्या मनात आला की तो गच्चीवर जाऊन उभा राहतो, तिच्या मनात आला की ती पेपर तपासते. दोघांचं एकमेकांशी बरं चाललेलं असतं, कारण दोष तिसरीकडे आहे.

आत्या ओसरीवर उन्हाच्या कवडशात बसून सुपात बाजरी निवडत होती. सत्तरी उलटलेली, अंगानं पार वाळलेली, पण हात तेवढेच चपळ. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, रान वाट्यानं दिलेलं, एकटीच राहते. उज्वलाला बघून ती सूप खाली ठेवून उठायला लागली. "उजू? एकटीच? सोमा बरा हाय ना?" उज्वला म्हणाली, "बरा आहे. तू बस." आत्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि आत जाऊन पाणी आणलं. पलीकडे नदीवर पाणवेलीचा हिरवा थर पसरला होता, पाणी दिसतच नव्हतं. उज्वलानं गाडीत सगळी वाक्यं जुळवली होती. सोपी, इंग्रजी शब्द नसलेली. तिनं ती म्हणायला सुरुवात केली आणि आवाज वर्गातल्यासारखा निघाला, म्हणून ती थांबली, पाणी प्यायली आणि पुन्हा सुरू केलं.

"आत्या, रुद्रला काय झालं होतं ते मला आज कळलं. त्याच्या आतड्यात एक दार नव्हतं. जन्मापासून. खाण्यातलं जस्त ज्या दारानं अंगात जातं, ते. माझ्या दुधातलं तेवढं कसंबसं जायचं. ते तुटलं आणि सगळं सुरू झालं. वरचं दूध गाईचं असो की डब्याचं, तेच झालं असतं."

आत्याचा हात बाजरीत थांबला. "म्हंजी गाईच्या दुधानं नव्हतं?"

"नव्हतं. तुझी काही चूक नव्हती, आत्या. कधीच नव्हती."

आत्यानं एक खडा उचलून बाजूला टाकला. बराच वेळ ती दुसरा खडा शोधत राहिली. उज्वलाला वाटलं होतं की ती रडेल, किंवा मोठा सुस्कारा टाकेल. आपण तिचे पाय धरू, असंही गाडीत ठरवलं होतं. आत्या शेवटी म्हणाली, "आन ते दार न्हवतं, तं मग त्याला औषीदच नव्हतं."

इथे हो म्हणता आलं असतं. एक शब्द. आत्याही सुटली असती आणि आपणही, हे उज्वलाच्या मनात अगदी स्वच्छ येऊन गेलं. ती म्हणाली, "होतं. त्या गोळ्या. कुसाबाईंच्या. रोज दिल्या असत्या तर जगला असता. तू म्हणाली होतीस ते बरोबर होतं."

"मी म्हनले होते," आत्या हळूच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, पोरीसारखं, आणि लगेच गोंधळ आला. "पर मग... मी चार पाकिटं घातली होती तुझ्या पिशवीत. दुपट्यात. ती दिली, तरी कसा गेला गं?"

चौदा वर्षं ती हेच समजत होती. गोळ्या दिल्या, गुण आला नाही, आपलंच पाहणं चुकलं. उज्वलाला हे गाडीत सुचलंच नव्हतं. एवढी शिकलेली, एवढा विचार करणारी ती, पण आत्या काय समजत असेल, हे तिला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

"दिल्या नाहीत," ती म्हणाली. "खालच्या बाईंना देऊन टाकल्या. कोर्स झाला होता म्हणून."

कुठेतरी ट्रॅक्टर चालू झाला आणि बंद पडला. आत्यानं सूप मांडीवरून काढून जमिनीवर ठेवलं, पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले. तिच्या हाताला काही लागलेलं नव्हतं.

"किती वर्साचा असता?"

"पंधरावं संपत आलं असतं."

"मिसरूड फुटलं असतं," आत्या म्हणाली. मग, "आजवर मी म्हनायचे, देवानं नेला. आता काय म्हनू?"

उज्वला तिच्या पायाशी सरकली, पण पाय धरायचं धाडस झालं नाही. तिला रडू फुटलं आणि ते थांबेना. नाक, तोंड, सगळं गळत राहिलं. आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. मागेही घेतला नाही. तो नुसता शेजारी, ओसरीच्या फरशीवर राहिला. त्या हाताकडे बघत उज्वला रडली. तिला क्षमा नकोच होती. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"सोमाला सांगितलं?" आत्यानं विचारलं.

"नाही अजून."

"नको सांगू."

उज्वलानं मान वर केली.

"ऐक माझं. माझ्यावर हाय ते माझ्यावरच राहू दे. मला सवय झाली त्याची. माझे दिवस किती ऱ्हायले? तुला त्याच्यासंगं म्हातारं व्हायचंय. तो लय तापट हाय, एकदा मनातून उतरलं का उतरलं. माझ्याकडं बघ ना. पोटची आई असून उंबऱ्याच्या आत येत नाय." हे सांगताना आत्याचा आवाज हलला नाही. बाजारभाव सांगावा तसं तिनं सांगितलं. "तू आलीस, मला सांगितलंस. मला कळलं. बस झालं. इथंच ठेवून जा."

खोटं कशाला बोला, उज्वलाला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचं काहीतरी खरोखरच उतरलं, खांदे सैल पडले, आणि दुसऱ्याच क्षणी आपले खांदे सैल पडले आहेत हे तिच्या लक्षात आलं. म्हणजे पुन्हा तेच. दहाव्याच्या दिवशी गप्प बसली होती, तेव्हाही असेच खांदे सैल पडले असतील. ही बाई पुन्हा एकदा पुढे होऊन सगळं अंगावर घेते आहे आणि आपण पुन्हा तिला घेऊ देणार आहोत. तिला आपली इतकी शिसारी आली की रडणंसुद्धा थांबलं. ऊन ओसरीवरून खाली उतरलं होतं. गार वाऱ्यानं अंगावर काटा येत होता, तरी दोघीही आत गेल्या नाहीत. आत्या पुन्हा बाजरी निवडायला लागली, पण आता ती खडे न काढता नुसतीच हात फिरवत होती.

फोन वाजला. सोमनाथ. अंबडच्या कारखान्यात त्याची पहिली पाळी असते, साडेचारपर्यंत तो घरी येतो. आत्यानं फोनकडे पाहिलं, मग उज्वलाकडे, आणि नको नको अशी मान हलवली.

"घराला कुलूप आहे. कुठे आहेस?"

"सायखेड्याला. आत्याकडे."

"तिला काही झालंय का?"

"तिला काही नाही. तू इकडे ये. मला तुला सांगायचंय. रुद्रचं आहे."

"फोनवर सांग."

"फोनवर नाही. तिच्यासमोर सांगायचंय. माझ्याकडून चूक झाली होती, सोमनाथ. तिच्याकडून नाही. तू ये, सगळं सांगते."

आत्यानं कपाळाला हात लावला आणि डोळे मिटून घेतले. फोनमध्ये सोमनाथचा श्वास ऐकू येत होता, मागे जिन्यावरून कुणीतरी चपला वाजवत गेलं. काय चूक, कसली चूक, असं तो विचारील म्हणून उज्वला वाट बघत राहिली. त्यानं विचारलं नाही. चौदा वर्षांत तिच्या तोंडून हे वाक्य त्यानं ऐकलं नव्हतं आणि ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नसावं. उद्यापासून तो आपल्याशी कसा वागेल, वागेल की नाही, हे तिला दिसत नव्हतं. भीती वाटत होती. पण फोन तिनं कानाशी तसाच धरून ठेवला.

आत्यानं डोळे उघडले. ती सूप घेऊन उठली, दारापर्यंत गेली आणि तिथे उंबऱ्याला धरून उभी राहिली. पाठमोरीच म्हणाली, "जेवून येतो का इथं जेवतो, विचार त्याला."

उज्वला फोनमध्ये म्हणाली, "आत्या विचारतेय, जेवून येतोस का इथं जेवतोस."

फोन कट झाला की काय म्हणून तिनं कानापासून काढून पाहिला. चालू होता.

"भाकर कशाची हाय, विचार तिला," सोमनाथ म्हणाला.

"भाकर कशाची आहे, विचारतोय."

"बाजरीची," आत्या म्हणाली.

"बाजरीची," उज्वलानं फोनमध्ये सांगितलं.